चित्र पुसलं, आवाज उरला

१९६६ सालच्या ५ नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी, ब्रिटनमधली मुलं एका प्रश्नाचं उत्तर शोधायला टीव्हीसमोर बसली होती. आदल्या शनिवारी त्यांच्या लाडक्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतला म्हातारा डॉक्टर जमिनीवर कोसळला होता आणि बघता बघता त्याचा चेहराच बदलून गेला होता. विल्यम हार्टनेल या नटाच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन हा नवा नट आला होता. हा नवा माणूस खरोखर आपला डॉक्टर आहे, की कुणी तोतया? कथेतल्या त्याच्या सोबत्यांनाही तीच शंका होती.

‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ नावाची ही सहा भागांची कथा. तिचा एकही भाग आज चित्रासह पूर्ण पाहता येत नाही. बीबीसीने मूळ टेप पुसल्या, फिल्मवरच्या प्रतीही गेल्या. राहिले ते काही सेकंदांचे तुकडे. तरीही या कथेतला शब्द न् शब्द, ट्रॉटनच्या बोलण्यातला प्रत्येक चढउतार आज ऐकता येतो. कारण त्या दिवसांत काही घरांमध्ये मुलं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर मांडून बसत आणि कार्यक्रम सुरू झाला, की रेकॉर्डचं बटण दाबत.

‘डॉक्टर हू’ सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. साठच्या दशकात तिचे २५३ भाग प्रसारित झाले आणि त्यांतल्या नव्वदहून अधिक भागांचं चित्र नंतर हरवलं. पण हरवलेल्या भागांपैकी एकाचाही आवाज हरवलेला नाही. प्रत्येक भागाचं घरी केलेलं ध्वनिमुद्रण मिळालं आहे, काहींची तर दोन-तीन वेगवेगळ्या घरांतून. एका मोठ्या संस्थेला जे जपता आलं नाही, ते शाळकरी मुलांनी जपलं.

आज हे नवल वाटतं, पण टेप पुसण्यामागे त्या काळचा हिशेब होता. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये पहिलं उपयोगी व्हिडिओ टेप यंत्र बाजारात आणलं. त्याची टेप दोन इंच रुंद आणि भलतीच महाग. ती पुसून पुन्हा वापरता येते हाच तिचा मोठा गुण मानला जाई. शिवाय कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम मनाला येईल तेव्हा पुन्हा दाखवता येत नसत. त्यातच १९६९ च्या नोव्हेंबरात बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाली आणि कृष्णधवल कार्यक्रम परत कोण पाहणार, असा प्रश्न उभा राहिला. लोक घरी बसून जुने कार्यक्रम विकत घेऊन पाहतील, ही कल्पना कुणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं. ‘डॉक्टर हू’च्या टेप १९६७ पासून पुसल्या जाऊ लागल्या.

परदेशी विक्रीसाठी एक वेगळी सोय होती. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत काढायची आणि ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरिया अशा देशांना पाठवायची. विक्रीचे हक्क संपले, की या प्रतीही अडगळ ठरत. हा नाश थांबायला १९७८ साल उजाडलं. आज जे भाग पाहता येतात, त्यांतले कित्येक या फिल्मच्या प्रतींमुळेच. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका प्रसारण केंद्राच्या कोठीत हरवलेले नऊ भाग सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा ती बातमी जगभर गाजली. त्यांत ‘द वेब ऑफ फिअर’ या १९६८ च्या कथेचे चार भाग होते. लंडनच्या भुयारी रेल्वेत घडणाऱ्या या कथेचा तिसरा भाग मात्र आला नाही. त्याचा आवाज आहे, चित्र नाही.

मुलं आवाजच का टेप करत? कारण दुसरा इलाजच नव्हता. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर ब्रिटनच्या बाजारात रुळायला सत्तरच्या दशकाची अखेर यावी लागली. कार्यक्रम एकदा दाखवला, की संपला. शनिवारी जे पाहिलं ते सोमवारी शाळेत आठवून आठवून सांगायचं, एवढंच हाती उरे. घरात स्पूलचा टेपरेकॉर्डर असेल तर मात्र त्या पंचवीस मिनिटांचा आवाज आपल्याजवळ ठेवता येई आणि रात्री अंथरुणात पडून तो पुन्हा ऐकता येई. डोळे मिटले, की चित्र आपोआप दिसू लागे, कारण ते एकदा पाहिलेलं होतं.

टेप करण्याची सर्रास रीत म्हणजे टीव्हीच्या लाउडस्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसायला सांगायचं. या पद्धतीत कार्यक्रमाबरोबर खोलीही टेप होई. थेट वायर जोडली तर आवाज स्वच्छ मिळे, पण त्यात जिवाचा धोका होता. त्या काळच्या अनेक टीव्ही संचांच्या आतला धातूचा सांगाडा सरळ घरातल्या वीजप्रवाहाशी जोडलेला असे. चुकीच्या ठिकाणी तार लावली तर जबर धक्का बसायचा. तरीही इलेक्ट्रॉनिक्सचं वेड असलेल्या काहींनी टीव्हीचं मागचं झाकण उघडून आवाजाच्या मंडलातून थेट तार काढली. त्यांतल्या एका किशोरवयीन मुलाची ध्वनिमुद्रणं इतकी निर्मळ निघाली, की ती घरी केली आहेत यावर आज विश्वास बसत नाही.

रिकामी टेपही स्वस्त नव्हती. खाऊच्या पैशांतून घेतलेल्या एकाच स्पूलवर पुढच्या आठवड्याचा भाग घ्यायचा, तर आधीचा पुसावा लागे. बीबीसीपुढे जी अडचण होती, तीच या मुलांपुढेही होती. फरक इतकाच, की त्यांच्यातल्या काहींना पुसायचा धीर झाला नाही. त्यांनी दुसरं काही घेण्याऐवजी नवी टेप घेतली, डब्यावर कथेचं नाव आणि तारीख लिहिली आणि तो कपाटात ठेवला. पुढे काय मोलाचं ठरेल याचा अंदाज त्यांनाही नव्हता. त्यांना फक्त ती गोष्ट पुन्हा ऐकायची होती, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ या साध्या ओढीत आहे. जतनाचं धोरण ठरवून कुणी काही केलं नाही. प्रेमापोटी केलं आणि ते टिकलं.

ही मालिका कानाने ऐकण्यासारखी होती, हेही भाग्यच. तिची शीर्षकधून रॉन ग्रेनर यांनी रचली, पण ती प्रत्यक्षात उतरवली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशायर यांनी. तेव्हा बाजारात सिंथेसायझर नव्हते. त्यांनी एकेक स्वर वेगळा तयार केला, त्याची टेप लांबी मोजून कापली आणि चिकटपट्टीने जोडत जोडत अख्खी धून उभी केली. डॉक्टरचं यान कालप्रवासाला निघताना जो घरघरता आवाज येतो, तो ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या तारांवर किल्ली घासून काढला. डालेक नावाच्या शत्रूंचा खरखरीत, तुटक आवाज नटाचं बोलणं रिंग मॉड्युलेटर या उपकरणातून काढून मिळवलेला. स्टुडिओ अरुंद, पैसा तुटपुंजा, त्यामुळे परग्रहाचं चित्र थोडक्यात उभं करावं लागे आणि बाकीचं काम आवाजावर सोपवलेलं असे. म्हणूनच चित्र गेल्यावरही या मालिकेतलं बरंच काही शिल्लक राहिलं.

घरी टेप केलेल्या त्या रिळांवर काय काय सापडतं, हे पाहण्यासारखं आहे. कार्यक्रमाआधी निवेदकाचं बोलणं आहे. नंतर काय लागणार याची घोषणा आहे. खुर्ची सरकल्याचा, कुणी खोकल्याचा आवाज आहे, मध्येच कुणीतरी बोलायला लागतं आणि त्याला गप्प केलं जातं. संग्रहालयातल्या अधिकृत प्रतीत हे काहीच नसतं. ती प्रत कार्यक्रमाची असते. घरातल्या टेपवर ती संध्याकाळ असते, प्रसारण एका ठरावीक खोलीत पोचलं तेव्हा तिथे जे होतं ते सगळं असतं. या जुन्या टेपा ऐकताना साठी-सत्तरीच्या माणसांचा जीव ज्यात गुंततो, ते अनेकदा मूळ कथेपेक्षा हेच असतं. ज्यांचा आवाज जपावा असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं, ती घरची माणसं तिथे पार्श्वभूमीला बोलत असतात. घरच्या अल्बममध्ये फोटो असतात, पण त्या काळातल्या किती घरांकडे आजीच्या बोलण्याची, भावाच्या हसण्याची टेप आहे? ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे ती बहुधा अशाच एखाद्या कार्यक्रमाच्या मागे लपलेली आहे.

आठवणींची ओढ एकीकडे, आणि या रिळांचा अगदी रोकडा उपयोग दुसरीकडे. १९९२ पासून बीबीसीने हरवलेल्या कथांच्या कॅसेट काढायला सुरुवात केली, त्या या घरगुती ध्वनिमुद्रणांवरून. चित्र नसल्यामुळे शब्दांवाचून घडणाऱ्या प्रसंगांत काय चाललं आहे ते कळत नाही, म्हणून मध्ये मध्ये निवेदन घातलं. पहिल्या कॅसेटींपैकी एकीत हे निवेदन स्वतः डॉक्टरची भूमिका केलेल्या टॉम बेकर यांच्या आवाजात होतं. नंतर सीडी आल्या, तेव्हा मूळ मालिकेतल्या नटांनाच बोलावलं गेलं. म्हणजे एखाद्या सीडीवर तोच नट तरुणपणी पात्र म्हणून बोलतो आणि पुढच्याच क्षणी म्हातारपणच्या आवाजात त्याच प्रसंगाचं वर्णन करतो. विल्यम रसेल यांनी १९६४ च्या ‘मार्को पोलो’ या कथेला असं निवेदन दिलं आहे. हे ऐकताना काळाचं अंतर जसं कानाला लागतं, तसं ते एखाद्या माहितीपटातही लागत नाही.

‘मार्को पोलो’ मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. तिच्या सात भागांपैकी सहांचं दिग्दर्शन वारिस हुसेन यांचं. लखनौमध्ये जन्मलेले, लेखिका अतिया हुसेन यांचे हे चिरंजीव. ‘डॉक्टर हू’ची पहिलीवहिली कथाही त्यांनीच दिग्दर्शित केली, तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. ‘मार्को पोलो’च्या फिल्म बऱ्याच देशांना विकल्या गेल्या, पण आजवर एकही परत मिळालेली नाही. तिचे फोटो आहेत आणि सातही भागांचा आवाज आहे.

फोटोंचीही एक कथा आहे. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार घरी बसून टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढत आणि ते कलाकारांना, दिग्दर्शकांना विकत. व्हिडिओच्या आधीच्या काळात आपलं काम कसं दिसलं हे कलावंतांना कळण्याचा तेवढाच मार्ग होता. एका भागाचे साधारण साठेक फोटो ते काढत. पुढे चाहत्यांनी हे फोटो आणि घरी टेप केलेला आवाज एकत्र आणले. आवाजाच्या ओघात योग्य जागी योग्य फोटो ठेवायचा, असं एकेका भागासाठी महिनोन्‌महिने केलेलं काम.

त्याहून विलक्षण गोष्ट ऑस्ट्रेलियातली. तिथल्या सेन्सॉरने मुलांना फार भीतिदायक वाटतील असे तुकडे फिल्ममधून कापून काढले. कापलेले तुकडे नियमाप्रमाणे सरकारी दफ्तरात जमा झाले. मूळ फिल्म नष्ट झाल्या, पण दफ्तरातले तुकडे राहिले. १९९६ मध्ये ते सापडले. ‘फ्युरी फ्रॉम द डीप’ या कथेतला, दोन माणसं तोंडातून विषारी वायू सोडतात तो प्रसंग आज दिसतो तो यामुळेच. मुलांनी पाहू नये म्हणून जे वगळलं, नेमकं तेच उरलं. ऑस्ट्रेलियातल्याच एका प्रेक्षकाने आठ मिलिमीटरच्या मुक्या कॅमेऱ्याने टीव्हीच्या पडद्यावरची काही क्षणांची दृश्यं टिपून ठेवली होती. त्या मुक्या चित्रांना ब्रिटनमधल्या घरांत टेप झालेला आवाज जोडला गेला. पृथ्वीच्या दोन टोकांना राहणाऱ्या, एकमेकांची नावंही माहीत नसलेल्या माणसांच्या छंदातून एकेक प्रसंग पुन्हा उभा राहिला.

आवाज वापरण्याजोगा करणं हेही कष्टाचं काम. संगीतकार आणि ध्वनितज्ज्ञ मार्क एअर्स यांनी त्यात वर्षानुवर्षं घालवली आहेत. घरगुती टेपरेकॉर्डरचा वेग कधी स्थिर नसे, त्यामुळे आवाज किंचित चढतो किंवा उतरतो. विजेची गुणगुण मिसळलेली असते. कुणी बटण उशिरा दाबलेलं असतं, कुणाची टेप मध्येच संपलेली असते. एकाच भागाची दोन रिळं हाती असतील तर एकात जिथे खोकला आहे, तिथे दुसऱ्यातला तुकडा घ्यायचा. त्यासाठी आधी दोन्हींचा वेग तंतोतंत जुळवायचा. रफू करावं तसं हे काम. जोड कुठे आहे ते दिसलं नाही, तरच ते जमलं म्हणायचं.

या दुरुस्त आवाजावर मग नवी चित्रं चढली. २००६ मध्ये ‘द इन्व्हेजन’ या कथेच्या दोन हरवलेल्या भागांचं ॲनिमेशन झालं. ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’चं ॲनिमेशन बीबीसीने ५ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रकाशित केलं, पहिल्या प्रसारणाला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. त्यानंतर ‘द माक्रा टेरर’, ‘फ्युरी फ्रॉम द डीप’, ‘द इव्हिल ऑफ द डालेक्स’ अशा कथा एकामागून एक आल्या. रेखाटलेली पात्रं कुणाला आवडतात, कुणाला खटकतात. ट्रॉटनच्या चेहऱ्यावरच्या हालचाली रेषांत पकडणं अवघड आहे, हे कबूल करायलाच हवं. पण त्या पात्रांच्या तोंडी जे बोलणं आहे ते अस्सल आहे, साठच्या दशकातलं आहे.

‘डॉक्टर हू’चं नशीब अनेक कार्यक्रमांना लाभलं नाही. १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला त्या रात्री बीबीसीच्या स्टुडिओत जेम्स बर्क, पॅट्रिक मूर, क्लिफ मिचेलमोर बोलत होते. नासाची चंद्रावरची दृश्यं जगाकडे आहेत, पण ब्रिटनच्या घराघरांत त्या रात्री जे निवेदन ऐकू आलं, ते बहुतांशी जपलं गेलं नाही. त्याचे काही भाग आज ऐकू येतात ते घरी टेप करणाऱ्यांमुळे. ‘डॅड्स आर्मी’ या लोकप्रिय विनोदी मालिकेचा ‘अ स्ट्राइप फॉर फ्रेझर’ हा हरवलेला भाग असाच आवाजावरून २०१६ मध्ये ॲनिमेशनच्या रूपात परत आला. अमेरिकेत जॉनी कार्सन यांनी ‘द टुनाइट शो’ हाती घेतला तो १ ऑक्टोबर १९६२ चा पहिला कार्यक्रम पाहता येत नाही. विनोदी नट ग्राउचो मार्क्स यांनी कार्सनची ओळख करून दिली, ते शब्द मात्र ऐकता येतात.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तिथेही टेप महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जात. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांसारख्या कार्यक्रमांची नावं निघाली, की ज्यांनी ते पाहिले त्यांचे डोळे चमकतात, आणि त्यांतलं किती पुन्हा पाहायला मिळेल असं विचारलं तर चेहरा उतरतो. पण महाराष्ट्रातही टीव्हीसमोर टू-इन-वन ठेवून बसणारी घरं होतीच. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली छोटी कॅसेट सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडे घरोघरी पोचली. ‘छायागीत’मधलं गाणं, एखादी मुलाखत, नाट्यप्रवेश, काव्यवाचन टेप करून ठेवायचं आणि पाहुणे आले की ऐकवायचं, ही रीत मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. व्हीसीआर बऱ्याच जणांच्या आवाक्याबाहेर होता, कॅसेट होती. अमेरिकेत, आखातात गेलेल्या नातेवाइकांना अशा कॅसेटी कुणाच्या तरी हाती पाठवल्याही जात. आज त्या माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून आहेत. लेबलावर निळ्या शाईत ‘टीव्ही’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच आवराआवरीत पहिल्यांदा त्यांचीच विल्हेवाट लागते.

अशी कॅसेट हाती आली तर आधी तिच्या वरच्या कडेच्या दोन कोपऱ्यांतले प्लॅस्टिकचे छोटे तुकडे मोडून टाकावेत. ते मोडले, की तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. बरीच वर्षं न वाजलेली टेप स्वतःलाच चिकटलेली असू शकते. ती लगेच वाजवायला घेऊ नये. आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा सावकाश गुंडाळून घ्यावी. आतला स्पंजचा तुकडा निघाला असेल किंवा टेप तुटली असेल, तर ती नव्या कवचात घालून देणारे जुने दुरुस्तीवाले काही शहरांत अजून आहेत. वाजवायच्या यंत्राचं हेड स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसून घ्यावं. हेड मळलेलं असलं की आवाज दबका येतो आणि दोष टेपला दिला जातो. संगणकावर घेताना पहिली प्रत न दाबलेल्या फाइलमध्ये घ्यावी. मोबाइलवर ऐकायला लहान फाइल नंतर केव्हाही करता येते, उलट करता येत नाही. कोणता कार्यक्रम, कोणतं साल, कुणी टेप केला, हे घरातल्या थोरल्यांना आत्ताच विचारून फाइलच्या नावात लिहावं.

आवाज स्वच्छ करायचा मोह होतो, तो वेगळ्या प्रतीवर पुरवावा. मूळ फाइलमधून निवेदिकेची घोषणा, गाण्याआधीची जाहिरात, स्वयंपाकघरातून आलेली हाक यांतलं काहीही कापू नये. कार्यक्रमाचा नेमका दिवस ठरवायला अनेकदा मागेपुढे टेप झालेली एखादी घोषणाच कामी येते, आणि हाक कुणाची होती ते ओळखणारी माणसं घरात अजून आहेत.